बैठकीत लिहिलेला ग्रंथ

खुलताबादला पर्यटक जातात ते औरंगजेबाची कबर पाहायला. अमीर हसन सिज्झी यांची कबरही तिथेच आहे, पण ती त्यांच्या यादीत क्वचितच असते.

हसन हे दिल्लीचे फारसी कवी. १३०८ ते १३२२ या काळात सूफी संत निजामुद्दीन अवलियांच्या बैठकीत जे कानावर पडलं, ते त्यांनी तारीखवार टिपून ठेवलं. त्यातून ‘फवाइद-उल-फुआद’ हा ग्रंथ सिद्ध झाला. उपास, दानधर्म, क्षमा, समा (सूफींचं संगीतश्रवण) अशा विषयांवरचं मोकळं बोलणं आणि मधूनच एखादी गोष्ट! विशेष म्हणजे अवलियांनी टिपणं स्वतः पाहिली, राहिलेल्या जागा भरून दिल्या.

पुढे मुहम्मद तुघलकानं दौलताबादला राजधानी केली आणि हसनही दख्खनेत आले.

इथे निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या शिष्यांनीही गुरूंचं बोलणं लिहून ठेवलं. अमेरिकी अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांचं ‘इटर्नल गार्डन’ हे १९९२चं पुस्तक खुलताबादच्या याच फारसी साहित्यावर उभं आहे.