साडेनऊचे जेवण



परदेशी शिकून आलेला मनुष्य व्याख्यानाला उभा राहिला की तो तिथल्या विद्यापीठाचे वर्णन करणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती आधी पुरी करून टाकतो. मी स्पेनमध्ये सालामांका या गावी एक वर्ष विद्यार्थी होतो. तिथले विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. त्या देशात आज चालू असलेल्या विद्यापीठांत ते सर्वांत जुने. त्याच्या दर्शनी भिंतीवरील नक्षीकामात एका कवटीवर बेडूक बसवलेला आहे. कोणी न दाखवता तो ज्याला दिसेल तो परीक्षेत पास होतो, अशी समजूत आहे. मला तो दुसऱ्याने बोट करून दाखवला, तरी मी पास झालो. विद्यापीठाविषयी एवढे पुरे. आज मी बोलणार आहे ते जेवणाच्या वेळेविषयी.

मी एका वृद्ध बाईंच्या घरी खोली घेतली होती. यजमान वारलेले, मुले दूरच्या शहरांत. भाड्यात रात्रीचे जेवण धरलेले होते. पहिल्या दिवशी मी साडेसातला हात धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो, तेव्हा बाई पायांत चपला घालून बाजाराला निघाल्या होत्या! जेवण साडेनऊला, कधी दहाला. दुपारचेही अडीचच्या आत नाही. माझे पोट मात्र आपल्या गावच्या घड्याळावर चाललेले. मग मी पाव आणून ठेवू लागलो, साडेसातला खोलीत एकट्यानेच खायचा आणि बाईंनी हाक मारली की आतूनच 'भूक नाही' म्हणायचे. मला वाटे, मी त्यांना तेवढाच कमी त्रास देत आहे.

ही उशिराची जेवणे म्हणजे केवळ आळस, असे माझे मत झाले होते. ते खोटे ठरले. नकाशा पाहा. सालामांका ग्रिनिचच्याही पश्चिमेला आहे. परंतु १९४० साली फ्रँको सरकारने देशाचे घड्याळ एक तास पुढे ढकलून ते मध्य युरोपाशी जुळवले आणि पुढे ते कोणी मागे घेतलेच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा तिथल्या घड्याळात दोन वाजून गेलेले असतात. जूनमध्ये रात्री साडेनऊला चौकातल्या पिवळ्या दगडांवर ऊन असते, आणि जानेवारीत सकाळी साडेआठलाही सूर्य उगवलेला नसतो. म्हणजे अडीचचे जेवण हे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ आपले बाराचेच जेवण. घड्याळ हलले, पोटे जागच्या जागी राहिली. उशीर सगळा त्यामुळेच होतो असे मी म्हणणार नाही. पण हुकमाने वेळ बदलली तरी लोक आपली वेळ सोडत नाहीत, हे आपल्याला नवीन नाही. मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची जुनी वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती.

पण सूर्याचा हा हिशेब मला कळला तो नंतर. त्याआधी डिसेंबर आला. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, थंडी हाडांत शिरणारी. बाईंच्या बैठकीत एक गोल मेज होते. त्याच्यावर जमिनीपर्यंत लोळणारे जाड कापड आणि आत पायांशी शेगडी. पूर्वी त्यात निखारे असत, आता वीज आहे. कापड मांड्यांवर ओढून घेऊन घरातील माणसे तिथे तासन्‌तास बसतात. एका रात्री खोलीत बोटे वळेनात, म्हणून मी साडेनऊला मुकाट्याने त्या मेजाशी जाऊन बसलो. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "माझ्या हातचे तुम्हांला आवडत नाही, की माझ्याबरोबर बसणे आवडत नाही?"

तीन महिने त्या बाई एकट्या जेवत होत्या, आणि मी भिंतीपलीकडे पाव खात होतो.

त्या रात्री मसुराची आमटी होती. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी तिच्यातले सॉसेजचे तुकडे वेचून काढले आणि "आता यात मांस नाही" असे सांगून वाटी माझ्यापुढे ठेवली. मी ती खाल्ली की नाही, हे या सभेत विचारू नये. दुसऱ्या दिवसापासून मात्र मसूर वेगळे शिजू लागले.

जेवण संपल्यावर ताटे तशीच ठेवून गप्पा मारीत बसण्याला स्पॅनिशमध्ये 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. आपण हात वाळवीत बसतो, तेच. फक्त आपण त्याला नाव दिले नाही. मी जी स्पॅनिश शिकलो ती बहुतेक तिथे. त्या भाषेतही 'तू' आणि 'आपण' असा भेद आहे. मी बाईंना आदरार्थी बोलत असे. एका रात्री त्या म्हणाल्या, "मला तू म्हण." मला मुळीच अवघड गेले नाही, आपण आईला तूच म्हणतो.

आता आपल्याकडे साडेआठ होत आले. आपल्या घरी पाने मांडलेली असतील, तेव्हा अधिक वेळ घेत नाही. तिथे आता पाच वाजत आहेत. दुपारी बंद झालेल्या दुकानांची दारे उघडू लागली असतील, आणि बाई चपला शोधत असतील.