प्रसूतीनंतरचीं दहा वर्षें

(ज्युबिली समारंभाच्या मातृमेळाव्यांत केलेलें भाषण)



बाळ जन्मास आलें कीं घरांतील सर्वांचे डोळे पाळण्याकडे लागतात. बाळंतिणीस सव्वा महिना तेलपाणी, शेक व डिंकाचे लाडू मिळतात. मग ती बरी झाली असें आपण समजतों, व तिची विचारपूस तेथेंच संपते. ही समजूत कितपत खरी आहे, एवढेंच आज आम्ही आपणांपुढें मांडूं इच्छितों.

ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं सन २००३ ते २००५ या काळांत सहा सरकारी इस्पितळांतून १,५०७ पहिलटकरणी एका शोधकार्यांत सामील झाल्या. गरोदरपणीं त्यांच्या प्रकृतीची नोंद झाली. प्रसूतीनंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व अठराव्या महिन्यांत, पुढें चौथ्या व दहाव्या वर्षीं त्याच मातांस पुनः पुनः विचारण्यांत आलें. त्यामुळें जुन्या आठवणींवर विसंबावें लागलें नाहीं. कोणतें दुखणें केव्हां आलें व किती टिकलें, हें ताडून पाहतां आलें.

निष्पन्न काय झालें? चौथ्या वर्षीं शंभरांत चौदा-पंधरा मातांत विषण्णतेचीं लक्षणें दिसलीं. पहिल्या वर्षांत एकदांहि हें प्रमाण इतकें नव्हतें! एकच मूल असलेल्या मातेस काम थोडें, चिंता थोडी, असें आपण म्हणतों. परंतु चौथ्या वर्षीं अशा मातांत हें प्रमाण शेंकडा २२.९, तर पुढें आणखी मूल झालेल्यांत ११.३ भरलें.

याहून कठोर गोष्ट अशी कीं, प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षांत सहांतील सुमारें एकीस जोडीदाराकडूनच शारीरिक वा मानसिक जाच झाला होता. आणि अशा स्त्रियांत विषण्णता पुष्कळच अधिक होती. तेव्हां आईच्या दुखण्याचें सारें औषध दवाखान्यांत नाहीं. कांहीं घरांत व घरधन्याच्या वागणुकींतहि आहे.

मेलबर्नचे आकडे आपल्या गांवास जसेच्या तसे लावूं नयेत, हें खरें. परंतु तेथें विचारलेला प्रश्न आपणांस विचारतां येईल. मूल शाळेंत जाऊं लागेल त्या दिवशीं त्याच्या आईस विचारा, "बाई, तुझी प्रकृति कशी आहे?" आणि उत्तराची वाट पाहा. ती पुष्कळ दिवस उदास असेल तर तिला बोल लावूं नका, डॉक्टरांकडे न्या. तिला घरांत जाच होत असेल तर "सोस" म्हणून परत पाठवूं नका. तिच्या पाठीशीं उभे राहा.