दोन विमानतळांमधलें अंतर



वर्धा जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानांचा तळ नाहीं. तेथील मनुष्यास विमान गांठावयाचें तर नागपूरजवळच्या सोनेगांवास जावें लागतें. म्हणून 'दिल्ली किती दूर?' या साध्या प्रश्नाचीं वर्धेकरापुरतीं दोन उत्तरें संभवतात.

पहिलें उत्तर आकाशांतलें. नागपूर व दिल्ली या विमानतळांमधलें सरळ अंतर सुमारें ८५० किलोमीटर आहे. आगगाडीचा मार्ग वळणें घेत जातो. तो सुमारें १,०९० किलोमीटर भरतो. जेट विमान उंचीवर ताशी ८०० किलोमीटर वेगानें जातें. त्या हिशेबानें तासाभरांत दिल्ली यावी. परंतु वेळापत्रकांत सुमारें पावणेदोन तास लिहिलेले असतात. धांवपट्टीपर्यंत जाणें, वर चढणें, उतरण्याची पाळी येईपर्यंत थांबणें, हें सारें त्यांतच येतें.

दुसरें उत्तर जमिनीवरचें. वडील अत्यवस्थ असल्याचा वर्ध्याचा निरोप दिल्लींतल्या मुलास मिळाला, अशी कल्पना करा. घरून विमानतळापर्यंत एक तास, तेथें तपासणीसाठीं दोन तास, उड्डाणाचे पावणेदोन, उतरल्यावर सामानासाठीं अर्धा, आणि सोनेगांवाहून वर्ध्यापर्यंतच्या सुमारें ७० किलोमीटरांस दीड तास. एकूण पावणेसात तास झाले. त्यांतला हवेंतला भाग केवळ चौथाई! आठशेंपन्नास किलोमीटरांस जेवढा वेळ, जवळजवळ तेवढाच शेवटच्या सत्तरांस. गांव आर्वी वा आष्टी तालुक्यांत असेल आणि विमान रात्रीं उशिरा उतरलें असेल, तर हा शेवटचा टप्पाच सर्वांत दीर्घ ठरतो.

हें मर्म नागपुरास नवें नाहीं. १९४९ सालीं ३० जानेवारीस रात्रीच्या विमानटपालीस प्रारंभ झाला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगांवास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहांटेपूर्वीं परत फिरत. चारी शहरें नागपुरापासून सारख्या अंतरावर नाहींत. मुंबई सुमारें ६८० किलोमीटर, तर कलकत्ता जवळजवळ ९८५. ताशी पावणेतीनशें किलोमीटरांच्या डाकोटास मुंबईहून अडीच तास, तर कलकत्त्याहून साडेतीन तास लागावयाचे. म्हणून लांबच्या विमानानें आधीं निघावयाचें, हें ओघानेंच आलें. ती सेवा पुढें बंद पडली. पण तिची युक्ति विसरण्याजोगी नव्हे. त्या काळच्या विमानांचा वेग आजच्या विमानांच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाएवढाच असेल. तरी संध्याकाळीं टाकलेलें पत्र सकाळीं दुसऱ्या टोकाच्या शहरांत पोंचे, तें मुख्यतः चार वेळांचा मेळ घातल्यामुळें.

आज विमानाचा वेग दुप्पट झाला, तरी आपल्या त्या मुलाचा तासभरही वांचणार नाहीं. उतरल्याबरोबर वर्ध्याकडे जाणारें वाहन मात्र मिळालें नाहीं, तर तेवढा वेळ एका प्रतीक्षेंतच जाईल. यास्तव प्रवासाचा बेत आंखतांना विमान किती वाजतां उतरतें एवढ्यावरच थांबूं नये. त्यानंतर गांवाकडे जाणारी पहिली गाडी केव्हां आहे, हें आधीं पहावें. आजाऱ्याच्या उशाशीं वाट पाहणारी माणसें मुलगा सोनेगांवास केव्हां उतरला हें मोजीत नाहींत. तीं दाराची कडी केव्हां वाजते तिकडे कान लावून असतात.