नरनाळा तालुक्यातच आहे
(अकोल्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वारसा म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, शेताचा सातबारा आणि किल्ले. पहिल्यावर बाईचं नाव सहसा चढत नाही आणि दुसरा बघायला तिला कोणी नेत नाही. आज मी दुसऱ्याबद्दल बोलणार आहे.

1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि बारावी न झालेल्या बाईलाही पदवीची वाट दिसू लागली. पुस्तक घरी येतं, संपर्कसत्र रविवारी, बाकी अभ्यास भांडी आवरल्यावर. असा बाहेरून इतिहास शिकणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या सात जणींबरोबर मी दोन वर्षं बसते आहे.

सरावासाठी मी त्यांना आपल्या परिसरातल्या एका वारसास्थळाची माहिती लिहायला सांगितली. अकोटच्या एकीने अजिंठा लिहून आणला, गाइडमधून जसाच्या तसा. मी म्हटलं, "अहो, नरनाळा तुमच्याच तालुक्यात आहे ना?" तर म्हणाली, "आहे न ताई. पण मी कुठं पाह्यला? नऊ वर्षं झाले लग्नाले, मले कोण नेते तिकडे?"

कॉलेजातल्या मुलीची निदान सहल तरी जाते. घरी शिकणारीला नरनाळ्याचा महाकाली दरवाजा मोबाईलवर पाहावा लागतो, आणि तो मोबाईल नवरा घरी आला तर मिळतो. पुस्तक सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच, म्हणून त्यात रायगड असतो, वेरूळ असतं. 2025 साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, आनंदच आहे. त्यात वऱ्हाडातला एकही नाही. मग बायकांना वाटतं, आपल्याकडे काही नाहीच.

नाही कसं? मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर घ्या. तेराव्या शतकात तिथे महदाइसेने धवळे रचले, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. मराठीची आद्य कवयित्री ती, आणि रुक्मिणीचं माहेर म्हणून सांगतात ते कौंडण्यपूरही अमरावती जिल्ह्यातच. हे सांगितल्यावर चांदूर बाजारची एक जण हसायला लागली. तिच्या घरात लग्नाची गाणी सासूच म्हणते, सगळी तोंडपाठ. तो वारसा आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने गाणी लिहून घेतली. सासूबाई आधी लाजल्या, मग रोज रात्री स्वतःच बोलवायला लागल्या.

आता माझी चूक सांगते. अमरावतीच्या एकीने अंबादेवीच्या देवळावर लिहिलं. बांधकाम, उत्सव यांना दोन ओळी, आणि पानभर तिच्या आजीने सांगितलेलं: आमच्या लोकांना आत जाऊ देत नव्हते. मी लाल शाईने शेरा मारला, "संदर्भ?" पुढच्या रविवारी ती आलीच नाही. वास्तविक 1927 साली त्याच देवळासाठी पंजाबराव देशमुखांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला, हे मला पाठ होतं! आजीचं बोलणं हाच संदर्भ होता, फक्त तो संदर्भासारखा लिहायचा कसा हे मी शिकवलं नव्हतं. मी तिच्या घरी गेले. आता सगळ्याच जणी वहीत आधी लिहितात: कोणी सांगितलं, वय, गाव, कोणत्या तारखेला, स्वतः पाहिलं की ऐकलं. मग पुस्तकाशी ताडून बघतात. जुळलं नाही तर तेही लिहितात.

अभ्यासकेंद्रांकडे माझं मागणं एवढंच आहे, की अशी वही गृहपाठ म्हणून घ्या, तिला गुण द्या, आणि वर्षातलं एक संपर्कसत्र वर्गाबाहेर भरवा. गुणांसाठी जायचं म्हटलं की घरचे सोडतात, हा आमचा अनुभव आहे.

अकोटच्या बाईंचं नरनाळ्याला जाणं अजून व्हायचंय. डिसेंबरात आम्ही सगळ्या निघतोय, मुलांना घेऊन. डबे आपापले. गाडीत चार जागा शिल्लक आहेत, कोणाला यायचं असेल तर चहाच्या वेळी मला सांगा.