उपचार पदकासाठी की तिच्यासाठी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर हल्ली बरंच बोललं जातं. पण बोलणं बहुतेक एकाच अंगानं: मन कणखर करा, एकाग्रता वाढवा, पदक येईल. मला आज आघातावरच्या उपचारांबद्दल बोलायचं आहे.

उदाहरण अमेरिकेतलं घेते. तिथल्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं मुलींवर लैंगिक अत्याचार करत होता, तेही तपासणी आणि उपचार या नावाखाली. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक निवेदनं झाली आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. आता बघा, ‘उपचार’ हा शब्दच जिच्यासाठी असा डागाळला, तिला आपण ‘चल, उपचार घे’ कोणत्या तोंडानं म्हणायचं?

त्याच महिन्यात सिमोन बाइल्सनंही आपल्यावरचा अत्याचार जाहीर केला. पुढं जुलै २०२१ मध्ये टोकियोत व्हॉल्टवर हवेत असताना आपलं शरीर कुठं आहे हेच तिला कळेना. अडीचऐवजी दीडच गिरकी झाली. तिनं माघार घेतली, तर कित्येकांनी तिला पळपुटी ठरवलं! एकामुळेच दुसरं घडलं असं मी म्हणणार नाही. पण त्या अत्याचाराचे परिणाम संपलेले नाहीत, हे तिनं सप्टेंबरात सिनेटच्या समितीपुढे टोकियोचा उल्लेख करूनच सांगितलं.

आघातात प्रसंग संपतो, शरीर मात्र धोका अजून समोरच असल्यासारखं वागतं. दचकणं, झोप उडणं, कुणी हात लावला की थिजणं. खेळाडूचं तर सगळं कामच शरीराचं. प्रशिक्षक कंबरेला धरून पवित्रा दुरुस्त करतो, मालिश होते, स्पर्धेच्या गावी सगळ्यांचा मुक्काम एकत्र. आणि लहानपणापासून शिकवण एकच, दुखलं तरी बोलायचं नाही.

उपचारांच्या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये केली. एकीत थेरपिस्टच्या सोबतीनं, झेपेल तेवढंच, त्या प्रसंगाकडे वळायचं आणि ‘माझंच चुकलं’ हा समज तपासायचा. दुसरीत आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटामागे नजर फिरवायची. ऐकताना मंतरल्यासारखं वाटतं खरं, पण उपयोग होतो. मात्र ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात पहिली पायरी सांगितली ती सुरक्षिततेची. स्त्री-चळवळीतूनच आलेल्या त्या, म्हणून त्यांना ते दिसलं असावं.

इथंच आपलं काम सुरू होतं. जानेवारी २०२३ मध्ये कुस्तीगीर मुली दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्धची फिर्याद नोंदवली गेली एप्रिलअखेरीस, त्याही सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हाती संघाची निवड असेल, तर थेरपिस्ट कितीही चांगला असो, तो मुलीला परत त्याच मॅटवर पाठवायचं काम करणार. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या तालुक्याच्या क्रीडासंकुलात समितीच्या सदस्यांची नावं लावलेली आहेत का, एकदा जाऊन बघा.

पॅरिसला २०२४ मध्ये बाइल्सनं तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. सांघिक अंतिम फेरीच्या सकाळी आपण थेरपिस्टशी बोललो, असं तिनं उघडपणे सांगितलं. याचा आनंद आहेच. पण उद्या तिचं उदाहरण देऊन कुणी म्हणेल, बघा, उपचारांनी पदकं येतात. एखादी मुलगी बरी होईल आणि खेळ सोडून देईल, तिचं काय? तिच्यासाठी महासंघ पैसे मोजेल?

म्हणून समुपदेशकाकडे मुलीला नेताना आधी विचारा: तुमचा पगार कोण देतं, आणि ही जे बोलेल त्यातलं प्रशिक्षकाला काय कळवणार? गोपनीयतेचा हक्क तिला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दिलेला आहे. उत्तर लेखी मागा.