शिक्का वर, मोर्तब खाली: राजमुद्रेची दुसरी बाजू

(आमच्या पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलीतली वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय तुम्ही रोज बघता. गाडीच्या काचेवर, टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर, कुणाच्या दंडावर गोंदलेला. तो अष्टकोन. शिवाजी महाराजांची राजमुद्रा.

तिच्यावरचा श्लोक बऱ्याच जणांना पाठ आहे, त्यामुळे म्हणून दाखवत नाही. अर्थ थोडक्यात असा: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाला वंदनीय अशी शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते आहे. गंमत बघा, पौर्णिमेचा चंद्र नाही घेतला. प्रतिपदेची कोर म्हणजे दिसेल न दिसेल इतकी बारीक. पण ती वाढणारच, यात शंका नाही. आपण अजून लहान आहोत हेही सांगितलं आणि पुढचा इरादाही सांगून टाकला.

आणि हे संस्कृतात. त्या काळी दख्खनमध्ये दरबारी शिक्का म्हटलं की फारसी. खुद्द शहाजीराजांचा शिक्का फारसीत, जिजाबाईंचाही फारसीत. त्यात मुलाचा शिक्का संस्कृत निघतो, हे सहज झालेलं नाही एवढं नक्की.

ही मुद्रा असलेलं सर्वांत जुनं उपलब्ध पत्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते २८ जानेवारी १६४६ चं. राजे तेव्हा सोळाव्या वर्षात. पत्र कशाबद्दल, तर पुण्याजवळच्या रांझे गावच्या पाटलाबद्दल. त्याने बदअंमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडले आणि पाटीलकी काढून घेतली. म्हणजे कल्याणाची भाषा करणारा शिक्का पहिल्यांदा आपल्याला दिसतो तो एका वतनदाराला दिलेल्या जबर शिक्षेच्या कागदावर. मला यात विसंगती वाटत नाही. गावात पाटील म्हणजेच सरकार होतं. त्याला जाब विचारणारं कुणीतरी वर आहे, हे त्या शिक्क्यामुळे गावाला कळलं.

पुढे ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. नवा शक सुरू झाला, नवी नाणी पडली, पदव्या आल्या. पण मुद्रा? तीच राहिली. आता छत्रपती झालो, जरा भारदस्त मजकूर खोदून घेऊ, असं झालं नाही.

बरं, आता ज्यासाठी हा भाग केला तिकडे येतो.

मूळ पत्राचा फोटो कधी नीट बघितलात का? वर, मजकूर सुरू व्हायच्या जागी, अष्टकोनी मुद्रा असते. पण खाली, शेवटच्या ओळीनंतर, आणखी एक छोटा शिक्का असतो. त्यावर फक्त ‘मर्यादेयं विराजते’ एवढंच. म्हणजे इथे मर्यादा आली, लेखनाची सीमा झाली. राजाचं नाव नाही, चंद्र नाही, विश्व नाही. याला मर्यादामुद्रा म्हणतात. टी-शर्टवर ही मी आजवर पाहिलेली नाही!

हिचं काम काय? विचार करा, पत्र चिटणीस लिहिणार. आज आपण करतो तशी राजाने खाली सही करायची पद्धत नाही. कागद घेऊन माणूस चार गावं ओलांडून जाणार. जमिनीचा, इनामाचा, वतनाचा कागद असेल तर त्यावर पुढच्या पिढ्या भांडणार. अशा कागदाच्या तळाशी कोरी जागा राहिली आणि कुणी गुपचूप एक ओळ वाढवली, तर? दोन बिघ्यांचे वीस बिघे व्हायला कितीसा वेळ लागतो. म्हणून मजकूर संपला की लगेच तिथे शिक्का. त्याच्या खाली जे असेल ते आमचं नाही. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असायचा, तर मधला तुकडा बदलू नये म्हणून मागे जोडावरही शिक्के मारत.

आपली भाषा हे विसरलेली नाही बरं का. आपण ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो ना? ते असे दोन शब्द आहेत. शिक्का वरचा, मोर्तब खालचं. ‘मोर्तब सूद’ हे फारसी वळणाचे शब्द, म्हणजे कागद पुरा झाला, पक्का झाला. पेशव्यांच्या कागदांवर तर वर ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ अशी सुरुवात करून पेशव्याचं नाव येतं आणि खाली ‘लेखनसीमा’. पद्धत तीच. आणि बघा, सगळा कारभार पेशव्यांच्या हातात, पण शिक्क्यावर आधी नाव छत्रपतींचं.

त्यामुळे अष्टकोन कुठे मिरवावा यावर वाद झाले की मला खालचा शिक्का आठवतो. २०२० मध्ये एका पक्षाने झेंड्यावर राजमुद्रा घेतली तेव्हा आक्षेप आले होते. २०२२ मध्ये नौदलाच्या नव्या ध्वजावर अष्टकोन आला, त्याचं मात्र कौतुक झालं. तिथे श्लोक नाही, फक्त आकार घेतलाय. माझं मत विचाराल तर ते जास्त शहाणपणाचं. मुद्रा उमटली म्हणजे ‘हा हुकूम माझा, जबाबदारी माझी’ असं राजा म्हणत होता. गाडीच्या काचेवर ती लावणारा नेमका कुठला हुकूम काढतोय?

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, गावाकडच्या पेटीत, वतनाचे जुने मोडी कागद असतील. वरचा भाग ठसठशीत दिसतो, म्हणून तेवढाच फ्रेम करून खालची कडा कापू नका. लॅमिनेशन नको, मागून चिकटपट्टीही नको, कारण जोडावरचे शिक्के मागेच असतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुराभिलेखागारात मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा. तो कागद हातात घेऊन आधी तळ बघेल, मग उलटा करेल. वाचायला नंतर घेईल.