सुरांची चिठ्ठी आणि जिभेची साक्ष

आजचा विषय ऐकून कांहीं घरांत कपाळाला आठ्या पडतील हें मी जाणतों. अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या माणसानें तांबड्या मद्याच्या चवीवर बोलावें, आणि तेंहि एका निवृत्त शिक्षकानें! याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीनें दारूबंदीच्या बळावर आपलें रूप पालटलें. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां अण्णा हजारे यांनीं उपोषणाचा इशारा दिला तोहि तेथूनच. पण शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत द्राक्षांचें मद्य होतें, आणि शिकलेल्या घरांत तें आज पानाशेजारीं येऊन बसलें आहे. म्हणून त्याची परीक्षा कशी करावी, एवढेंच सांगतों.

या मद्याच्या सोबतीस आतां संगीत आलें आहे. नाशिकच्या ‘सुला’ द्राक्षमळ्यानें २००८ सालीं ‘सुलाफेस्ट’ हा संगीतोत्सव सुरू केला. ऑस्ट्रेलियांतील वॉरबर्न इस्टेटनें २०११ सालीं ‘एसी/डीसी’ या वाद्यवृंदाच्या गाण्यांचीं नांवेंच मद्यांना दिलीं; ‘बॅक इन ब्लॅक’ हें शिराझ द्राक्षांचें तांबडें मद्य त्यांतलेंच.

ही नुसती सजावट नव्हे. एड्रियन नॉर्थ व त्यांचे सहकारी यांनीं इंग्लंडांतील एका दुकानांत केलेला प्रयोग १९९७ सालीं ‘नेचर’ मध्यें प्रसिद्ध झाला. फ्रेंच संगीत वाजे त्या दिवशीं फ्रेंच मद्य अधिक खपे, जर्मन वाजे त्या दिवशीं जर्मन. आणि बहुतेक गिऱ्हाइकांस त्याची जाणीवहि नव्हती. बाटली उचलली हातानें, पण हात हलविला कानानें!

तेव्हां स्वस्त तांबडी वाइन चाखावयाची तर प्रथम बाटलीस कागद गुंडाळावा आणि गाणें बंद करावें. उन्हाळ्यांत बाटली थोडी गार करावी, कारण उष्णतेनें मद्यार्काचा उग्रपणा वर येतो. मग रंग पाहावा. काळ्या द्राक्षांचाहि रस बहुधा फिकाच असतो. तांबडेपणा येतो तो साली रसांत मुरत ठेवल्यानें. त्या सालींतून व बियांतूनच तुरटपणाहि उतरतो. नंतर वास घ्यावा. शिरक्यासारखा आंबूस वास उग्रपणें आला तर मद्य बिघडलें समजावें. शेवटीं लहान घोट तोंडांत फिरवावा. हिरड्या कोरड्या पडतात ती तुरटपणाची खूण, तोंडाला पाणी सुटतें ती आंबटपणाची, घशांत ऊब लागते ती मद्यार्काची. घोट गिळलाच पाहिजे असें नाहीं. जाणते परीक्षक तो थुंकून टाकतात.

एका साध्या बाटलीची अशी परीक्षा मीं केली. चिठ्ठीवर ‘मखमली’ चवीचा गौरव होता. जिभेस आधीं आंबटपण, मग तुरटपण लागलें. मद्य निर्दोष होतें, जेवणासोबत शोभण्यासारखेंहि होतें. पण मखमल कोठें आढळली नाहीं.

मात्र जिभेची साक्ष येथें संपत असली तरी परीक्षा संपत नाहीं. राळेगणचा प्रश्न चवीचा नव्हता, परिणामाचा होता. तांबड्या मद्यांत मद्यार्क बहुधा शेंकडा १२ ते १४ असतो. बाटलीवर तो आंकडा छापलेला असतो. शेंकडा १३ धरला तर १५० मिलिलिटरच्या एका पेल्यांतून सुमारें २० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क पोटांत जातो. ज्यास न घेणेंच बरें वाटतें त्यानें कोणाच्या आग्रहास्तव घेऊं नये; आणि ज्यास घ्यावयाचें आहे त्यानें पेला भरण्यापूर्वीं हा हिशेब मांडावा. चिठ्ठीवर कोणतेंहि गाणें असो, हा आंकडा बदलत नाहीं.